परवान्याची हद्द

शस्त्रपरवान्यात एक रकाना असतो: हा परवाना कोणत्या भागात चालेल. कुणाच्या परवान्यात तिथे एका जिल्ह्याचं नाव असतं, कुणाच्या 'महाराष्ट्र राज्य', आणि फार थोड्यांच्या 'संपूर्ण भारत'. नाव, पत्ता, बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या या सगळ्या नोंदींमध्ये हा रकाना दिसायला अगदी साधा आहे. पण तो भरला कुणी, कुणासाठी आणि कशाच्या भीतीने, हे बघायला गेलं तर दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास हाती लागतो.

आधी एक साधी तुलना करू. पिंपळे सौदागरहून निघालेला माणूस वाकडला हायवेला लागतो आणि चार-पाच तासांत कोगनोळीच्या नाक्याला पोहोचतो. तिथे महाराष्ट्र संपतो, कर्नाटक सुरू होतं. त्याच्या खिशात एमएच-१४ च्या आरटीओने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन आहे. कर्नाटकचा पोलीस ते बघतो आणि परत देतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलं आहे की असं लायसन भारतभर चालेल. त्याच माणसाच्या गाडीत त्याची बारा बोअरची परवान्याची बंदूक असेल आणि परवान्यात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलं असेल, तर कोगनोळी ओलांडल्या क्षणी तो कायद्याने अडचणीत येतो. बंदूक तीच, माणूस तोच, आणि गंमत म्हणजे कायदाही तोच. कारण शस्त्रं हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, पाचव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राचा वेगळा शस्त्र कायदा नाही, कर्नाटकाचाही नाही. कायदा देशभर एक असताना परवानगीला मात्र हद्द आहे.

असं का, याचं उत्तर १८५७ पासून शोधावं लागतं.

हलगली आणि नरगुंद

उठावाच्या धामधुमीतच कंपनी सरकारने शस्त्रं नोंदवण्याचा आणि काढून घेण्याचा कायदा केला. १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा तो. उत्तरेत लढाई चालू होती, तरी त्याची झळ मराठी मुलखाच्या दक्षिण टोकालाही पोहोचली. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. त्यातलं हलगली हे बेडरांचं गाव. बेडर म्हणजे शिकार आणि शिपाईगिरी यांवर जगणारी जमात. हत्यारं नोंदवा असा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज गावात घुसली, गाव जाळलं गेलं आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना मुधोळ आणि हलगलीत लोकांसमोर फाशी दिलं गेलं. आज हे गाव कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे आणि तिथली कन्नड लोकगीतं ही गोष्ट अजून सांगतात.

पुढच्याच वर्षी, मे १८५८ मध्ये, नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे उठले. त्यांना दत्तक घ्यायची परवानगी नाकारली होती आणि वर तोफा-दारूगोळा हवाली करायला सांगितलं होतं. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, किल्ला पडला आणि भास्कररावांना बेळगावात फाशी झाली.

या दोन्ही प्रसंगांत हत्याराकडे बघण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या. हलगलीच्या बेडराला बंदूक ही नांगरासारखी घरातली वस्तू वाटत होती. सरकारच्या लेखी ती सरकारने ठेवू दिली तरच ठेवायची वस्तू होती. १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने ही दुसरी रीत कायमची केली.

लिटनचा कायदा

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. पिंपळे सौदागरपासून तो फार लांब नाही. औंधकडून खडकीला जाताना आजही त्या बाजूच्या भिंती आणि पाट्या दिसतात. तो उभा राहिल्यावर नऊ वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनने अकरावा कायदा आणला. 'हत्यारांचा कायदा' म्हणून पुढे जो पन्नास वर्षं काँग्रेसच्या ठरावांत आणि वर्तमानपत्रांत गाजत राहिला, तो हाच. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. एकाने हातावर लगाम घातला, दुसऱ्याने तोंडावर. खडकीत काडतुसं तयार होत होती आणि आसपासच्या गावांतल्या माणसाला ती जवळ बाळगायला कागद लागणार होता.

या कायद्याचं खरं रूप त्याच्या कलमांपेक्षा त्याखालच्या नियमांत, विशेषतः सूट दिलेल्यांच्या यादीत दिसतं. परवाना कुणाला लागणार नाही? युरोपियनांना लागणार नाही. अँग्लो-इंडियनांना लागणार नाही. संस्थानिक आणि त्यांच्या लवाजम्याला लागणार नाही. मोठे जमीनदार आणि सरकारी पदव्या मिळालेले काही मानकरी यांना लागणार नाही. बाकी सगळ्यांना लागेल. म्हणजे हत्यार कशासाठी हवं, हा प्रश्न नंतरचा होता. आधीचा प्रश्न 'तू कोण?' हा होता.

त्यात हद्दीचा प्रश्न होता तो वेगळाच. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. संस्थानांत ज्याचे त्याचे नियम. आणि दख्खनमध्ये संस्थानांचा आणि खालसा मुलखाचा नकाशा म्हणजे गोधडी होती. पुणे जिल्ह्याला लागून भोर, पुढे फलटण, सातारा जिल्ह्यात औंध, मग सांगली, मिरज, जमखिंडी, कोल्हापूर. एखाद्या दिवसाच्या प्रवासात माणूस दोन-तीन राजवटींतून जात असे. कोल्हापूरचे महाराज पुण्याला आले तर त्यांच्याबरोबरच्या हत्यारबंद माणसांची सोय यादीत होती. भोरच्या शेतकऱ्याला बैलगाडीत ठासणीची बंदूक टाकून पुण्याच्या बाजारात यायचं असेल तर त्याची सोय यादीत नव्हती. मोठ्या माणसाला हद्द लागत नाही आणि लहान माणसाला पावलोपावली लागते, हे सूत्र तेव्हा पक्कं झालं. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ज्यांनी परवाना मागितलाच नाही

एवढा कडक कायदा केल्यावर सरकार निर्धास्त व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. कायदा होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन जिल्ह्यात दरोडे घालत होते. १८७९ च्या जुलैमध्ये ते पकडले गेले, एडनला पाठवले गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले.

मग २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. चापेकरांचा वाडा आज चिंचवडमध्ये स्मारक म्हणून जपला आहे आणि गणेशखिंडीचा तो रस्ता म्हणजे विद्यापीठाजवळचा रोजच्या वाहतुकीचा रस्ता. आमच्या भागातले निम्मे लोक ऑफिसला जाताना हे अंतर कापतात. रँडनंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला. बाळकृष्ण चापेकर मात्र निसटला आणि काही काळ निजामाच्या मुलखात लपून राहिला. पुण्याच्या पोलिसांचा हुकूम तिथे चालत नव्हता. हद्द सामान्य माणसाला अडवते, पण पळणाऱ्याला आसराही देते, हे अशा वेळी कळतं.

तिसरं उदाहरण या सगळ्यांत बोलकं आहे. १९०९ मध्ये लंडनमध्ये एखाद्या हिंदी विद्यार्थ्याला पिस्तूल घ्यायचं असेल तर काय करावं लागे? १८७० च्या कायद्याप्रमाणे पोस्टात दहा शिलिंग भरून बंदुकीचं लायसन घ्यायचं आणि १९०३ च्या कायद्याप्रमाणे ते दुकानदाराला दाखवायचं. मदनलाल धिंग्राने असंच लायसन काढून रीतसर पिस्तूल घेतलं, टॉटेनहॅम कोर्ट रोडवर नेमबाजीचा सराव केला आणि १ जुलै १९०९ ला कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. त्यांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेने नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला मारलं. कान्हेरे औरंगाबादेत, म्हणजे निजामाच्या हद्दीत शिकत होता.

इथे मुद्दा त्या हत्यांच्या समर्थनाचा किंवा निषेधाचा नाही. मुद्दा परवान्याचा आहे. राजा एकच. त्याच्या राजधानीत हिंदी माणूस पोस्टाच्या खिडकीवर पैसे भरून जे लायसन मिळवू शकत होता, त्याची त्याच राजाच्या पुण्यात काही किंमत नव्हती. परवाना माणसाबरोबर प्रवास करत नव्हता, कारण विश्वास माणसावर नव्हताच. तो जागेवर होता. लंडनमध्ये राहणारा प्रजाजन आणि पुण्यात राहणारा अंकित असा तो फरक होता.

ठरावांपासून घटनेपर्यंत

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच हत्यारांच्या कायद्यात बदल मागितला. कारणं दोन होती. एक, जंगली जनावरांपासून माणसं आणि पिकं वाचवता येत नाहीत. दुसरं, हा कायदा अख्ख्या देशावर अविश्वासाचा शिक्का मारतो. हे दुसरं कारण जास्त खोल होतं. अहिंसेचं नाव ज्यांच्याशी कायमचं जोडलं गेलं, त्या गांधींनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात, इंग्रजांच्या दुष्कृत्यांत देशाला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल अशा अर्थाचं लिहिलं. जानेवारी १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी त्यांनी जी अकरा मागण्यांची यादी मांडली, तिच्यातही स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही मागणी आहे. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. मधल्या काळात, १९२० च्या नियमांनी, सुटीच्या यादीतला वंशाचा निकष काढला गेला. दर्जाचा मात्र राहिला.

स्वातंत्र्य मिळालं आणि प्रश्न घटना समितीपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली: नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. त्यांनी कराचीची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की परक्या राजवटीविरुद्ध मागणी करण्याची परिस्थिती वेगळी होती, आता राज्य आपलं आहे, आणि असा हक्क मूलभूत केला तर सराईत गुन्हेगारांनाही तो नाकारणं राज्याला अवघड जाईल. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात जमण्याचा हक्क आला तो 'शांततेने आणि शस्त्रांशिवाय' जमण्याचा.

मला हा निर्णय बरोबर वाटतो. फाळणीच्या दंगली ताज्या होत्या आणि गांधींचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं. पण त्या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की शस्त्र ही पूर्णपणे परवानगीची गोष्ट राहिली, आणि परवानगी देणाऱ्याच्या जुन्या सवयी तशाच पुढे आल्या. नवा शस्त्र कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याने बऱ्याच गोष्टी सुधारल्या. तलवार-भाल्यांवरची सरसकट बंदी सैल केली, परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवायला लावलं, अपिलाची सोय केली, पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीला वेगळी वाट ठेवली. पण परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देणार, आणि तो कुठवर चालेल तेही कागदावर लिहिलेलं असणार, ही रचना राहिली.

कूर्गची सूट

सूट देण्याची जुनी रीत आजही जिवंत आहे ती कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये. कोडवा लोकांना १८६१ मध्ये हत्यारांच्या कायद्यातून वगळलं गेलं, कारण ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले होते. स्वतंत्र भारतात १९५९ च्या कायद्याच्या कलम ४१ खाली ही सूट चालू राहिली. केंद्राने ती अलीकडे २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या अधिसूचनेतला एक तपशील महत्त्वाचा आहे. सूट मिळालेला माणूस कूर्गच्या बाहेर राहत किंवा प्रवास करत असेल तर त्याच्याजवळ किती हत्यारं असावीत हे तिथे लिहिलं आहे: एक रायफल आणि १०० काडतुसं, एक साधी बंदूक आणि ५०० काडतुसं. म्हणजे प्रवासाचा प्रश्न कायद्याला सोडवता येत नाही असं नाही. एका जमातीसाठी तो आकड्यांसकट सोडवून ठेवला आहे. हद्दीबाहेर काय चालेल हे आधीच सांगून ठेवलं की माणसालाही कळतं आणि नाक्यावरच्या हवालदारालाही.

आजची यादी

२०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने शस्त्रपरवान्यांचं धोरण कडक केलं. संपूर्ण भारतात चालणारा परवाना राज्यांनी कुणाला द्यावा याची यादी ठरवली. तिच्यात कोण आहे? केंद्रीय मंत्री आणि खासदार. सैन्य आणि निमलष्करी दलांतले लोक. अखिल भारतीय सेवांतले अधिकारी. देशात कुठेही बदली होऊ शकते असे सरकारी अधिकारी. आणि खेळाडू.

ही यादी १८७८ च्या यादीशेजारी ठेवून वाचावी. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. नव्या यादीत वंश नाही, पदवी नाही, आणि खेळाडू तर कामामुळेच आले आहेत. बालेवाडीच्या रेंजवर सराव करणारा नेमबाज स्पर्धेसाठी दिल्ली, भोपाळ, तिरुवनंतपुरम असा फिरतो. त्याच्या रायफलीला हद्द घातली तर खेळच बंद पडेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक घेऊन आला. अशा पदकांमागे किती राज्यांच्या हद्दी ओलांडणारा कागद असतो, हे आपण विसरतो. सैनिकाची बदली होते, त्याचंही कारण समजतं. पण खासदाराच्या पिस्तुलाला देशभर चालायची गरज त्याच्या पदामुळे कशी उत्पन्न होते? त्याला धोका असेल तर सरकार सशस्त्र रक्षक देतंच. इथे पुन्हा तोच प्रश्न पहिला विचारला गेला आहे: 'तू कोण?'

आणि यादीत कोण नाही ते बघायला चाकणपर्यंतही जावं लागत नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात पैशांच्या गाडीबरोबर, बँकेच्या दारात, सराफाच्या दुकानाबाहेर बारा बोअर खांद्याला लावून उभा असलेला माणूस बहुतेक वेळा बाहेरचा असतो. कुणी उत्तर प्रदेशातल्या, कुणी बिहारमधल्या गावचा, कुणी सैन्यातून निवृत्त झालेला. काहींच्या हातातली बंदूक बँकेची किंवा एजन्सीची असते आणि ते कायद्याच्या भाषेत 'रिटेनर' असतात. काहींची मात्र स्वतःची असते. स्वतःची बंदूक आणि स्वतःचा परवाना असेल तर पगार जास्त मिळतो. बंदूक हे त्याचं भांडवल, जसं रिक्षावाल्याची रिक्षा. पण त्याचा परवाना त्याच्या गावच्या जिल्हाधिकाऱ्याने दिलेला असतो. हद्दीच्या रकान्यात काय लिहिलं आहे यावर त्याची नोकरी कायदेशीर आहे की गुन्हा आहे हे ठरतं. राहण्याची जागा बदलली तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना कळवायचं. त्यातही आमच्या भागाचा परवाना अधिकारी मध्येच बदलला. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी पिंपळे सौदागर पुणे शहर आयुक्तांकडे होतं, चाकण पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतं. माणूस जागचा हलला नाही तरी त्याच्याभोवतीची हद्द हलली.

चूक झाली तर तिची किंमतही सारखी नाही. परवान्याच्या अटीचा भंग म्हणून कलम ३० लावलं तर जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना हत्यार म्हणून कलम २५ लावलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद. ज्याच्याकडे वकील आहे त्याची गोष्ट कलम ३० च्या दिशेने जाण्याची शक्यता जास्त. रात्रपाळीच्या गार्डकडे बहुधा वकील नसतो.

उलटं चित्र

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या अगदी उलट बाजूने येतो. तिथे शस्त्राचा हक्क घटनेत आहे, पण कपड्याआड पिस्तूल बाळगून फिरण्याचे परवाने राज्यं देतात आणि त्यांचे कायदे वेगवेगळे. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेल की नाही हे त्या दोघांच्या आपसातल्या मान्यतेवर अवलंबून. पेनसिल्व्हेनियात रीतसर परवाना असलेला माणूस पूल ओलांडून न्यू जर्सीत गेला की गुन्हेगार ठरू शकतो. न्यूयॉर्कमध्ये तर राज्याच्या इतर भागातला परवाना न्यूयॉर्क शहरात आपोआप चालत नाही. तिथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबं टेक्साससारख्या सैल कायद्याच्या राज्यातून कडक कायद्याच्या राज्यात राहायला जातात, तेव्हा त्यांच्यातल्या बंदूकवाल्यांना हा फरक नीट समजून घ्यावा लागतो.

यावर त्यांनी तुकड्यातुकड्यांनी उपाय काढले. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने, गोळ्या काढून आणि हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवून, बंदूक मधल्या राज्यातून नेण्याची मुभा दिली, जर निघालो ते ठिकाण आणि पोहोचायचं ते ठिकाण दोन्हीकडे ती कायदेशीर असेल तर. २००४ मध्ये पोलिसांना आणि निवृत्त पोलिसांना देशभर पिस्तूल बाळगायची सवलत मिळाली. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानलेच पाहिजेत असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, पण सिनेटमधून पुढे गेलं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ब्रुएन' खटल्यात, परवान्यासाठी खास कारण दाखवा असं म्हणणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला. तरीही हद्दीचा प्रश्न सुटलेला नाही. युरोपने १९९१ पासून शिकारी आणि नेमबाजांसाठी एक सामाईक पास काढला. तो देशोदेशींच्या परवान्यांची जागा घेत नाही, पण प्रवासात माणसाची आणि बंदुकीची ओळख पटवतो.

अमेरिकेत सैल राज्याचा परवाना कडक राज्याने का मानावा, हे भांडण आहे. ते खोटं भांडण नाही. ज्या राज्याने परवाना देताना काही तपासलंच नाही, त्याच्या सहीवर विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न आपल्याकडे नाही असं वाटत असेल तर जम्मू-काश्मीरकडे बघावं.

विकाऊ सही

२०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने बनावट शस्त्रपरवान्यांचं एक प्रकरण उघडं केलं. धागे जम्मू-काश्मीरपर्यंत गेले आणि २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे आला. आरोप असा की २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या अनेक जिल्ह्यांतून सुमारे २ लाख ७८ हजार परवाने दिले गेले, त्यांतले पुष्कळसे तिथे न राहणाऱ्या लोकांना, पैसे घेऊन आणि खोट्या कागदांवर. अनेक परवाने तिथे नेमणुकीवर असलेल्या सैनिकांच्या नावाने दाखवले होते. का, ते वर आलेल्या यादीवरून कळतं. सैनिकाचा परवाना देशभर चालतो. ज्या वर्गाला हद्द नाही, त्या वर्गाच्या नावाचा कागद बाजारात सर्वांत महाग.

म्हणजे हद्दीचा रकाना ज्या भीतीपोटी ठेवला, ती भीती खरी आहे. पण तो रकाना त्या भीतीवरचा इलाज नाही. पैसे टाकणारा 'संपूर्ण भारत' विकत घेतो. न टाकणारा नाक्यावर अडकतो.

खरा इलाज ज्या दिशेने आहे ती दिशा सरकारने धरली आहे. शस्त्रपरवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद तयार झाली, प्रत्येक परवानाधारकाला एक स्वतंत्र क्रमांक दिला गेला आणि क्रमांक नसलेला परवाना अवैध धरायचं ठरलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एका कंपनीच्या ओळखीवर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेत प्रवेश द्यायचा, हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तिथे शिकलेली गोष्ट साधी आहे. दुसऱ्याची ओळख मान्य करायची तर तीन गोष्टी लागतात: ती कुणी दिली हे तपासता आलं पाहिजे, देताना काय तपासलं ते माहीत पाहिजे, आणि ती रद्द झाली तर ते लगेच कळलं पाहिजे. कागदावर हद्द लिहिणं ही या तिन्ही गोष्टी नसताना केलेली तडजोड आहे. १८७८ मध्ये पुण्याच्या पोलिसाला धारवाडचा परवाना खरा की खोटा हे कळायला आठवडा लागला असता, तेव्हा ती तडजोड समजण्यासारखी होती. कोगनोळीच्या पोलिसाला परवान्यावरचा क्रमांक टाकून मिनिटात सगळं दिसत असेल, तर हद्दीच्या रकान्याचं काम आता निराळं असायला हवं.

याचा अर्थ परवाने सैल करावेत असा नाही. देशात बंदुका कमी असाव्यात असंच मला वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोन केली, ते योग्यच झालं. देताना हवं तितकं कडक व्हावं. पण दिल्यानंतर तो कुठवर चालेल हे पदावरून नव्हे, कामावरून ठरावं. नेमबाजाला जसं कामामुळे 'संपूर्ण भारत' मिळतं, तसं परराज्यात नोकरी करणाऱ्या गार्डला त्याच्या नोकरीच्या राज्यापुरतं, नोकरी आहे तोवर मिळावं. सीमेवर शेत असलेल्या शेतकऱ्याला, दोडामार्गच्या बाजूने असो की गोव्याच्या, रानडुकरं राज्याची हद्द पाळत नाहीत हे धरून मिळावं. आणि ज्याला नाकारायचं त्याला कारण लेखी द्यावं, जसं कायदा सांगतोच.

हलगलीच्या बेडरांना हत्यारं नोंदवायला सांगितली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही त्यांचं काय करता. विचारलं असतं तर शिकार आणि राखण, एवढंच उत्तर आलं असतं. सहीचा अधिकार साहेबाकडून आपल्याकडे येऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. परवाना मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न 'कशाला हवा?' हा विचारायला एवढा काळ पुरेसा आहे.